रायफल खाली घेण्याचा हुकूम: सैन्यातून खेळाच्या रेंजवर आलेल्या एका हवालदाराचं प्रकरण

सैन्यात वीस-बावीस वर्षं रायफल हाताळलेला माणूस खेळाच्या रेंजवर आला की आजूबाजूचे लोक मनात ठरवून मोकळे होतात: याला काय शिकवायचं, हा तर तयारच आहे. मग त्याचे पहिले गुण दिसतात आणि तेच लोक दुसऱ्या टोकाला जातात. सैन्यात नुसत्या फैरी झाडायला शिकवतात, नेमबाजी वेगळी, असं बोलू लागतात. प्रशिक्षक म्हणून मला दोन्ही मतांचा सारखाच राग येतो. पहिल्या मतामुळे त्या माणसाला कोणी नीट शिकवत नाही आणि दुसऱ्या मतामुळे त्याच्याकडे जे आहे ते कोणी विचारत नाही.

इथे ज्यांचं प्रकरण मांडते आहे त्यांच्या वाट्याला दोन्ही आलं होतं. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. नाव आणि पलटण मी मुद्दाम वगळली आहे. रेंजवर सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणतात, तेच इथेही ठेवते.

कोण आले, काय घेऊन आले

हवालदारसाहेब पायदळातून निवृत्त झालेले. वय पंचेचाळीसच्या पुढचं, नेम उजव्या खांद्यावरून, प्रभावी डोळाही उजवाच. सेवेत आधी ७.६२ आणि नंतर ५.५६ मिलिमीटरची रायफल वापरलेली. दरवर्षीच्या फायरिंगमध्ये बहुतेक वेळा वरच्या श्रेणीत. पण ते शूटिंग टीममध्ये कधी नव्हते आणि स्नायपरचा कोर्सही त्यांनी केलेला नव्हता. हा तपशील मी पहिल्याच भेटीत विचारून घेते, कारण ‘सैन्यात नेमबाजी केली’ या एका वाक्यात दोन फार वेगळी आयुष्यं बसतात. त्याबद्दल पुढे सांगते.

शरीराच्या तीन तक्रारी होत्या. वर्षानुवर्षं ओझं वाहून कंबर धरलेली. चाळिशीनंतरचा जवळचा चष्मा. आणि डाव्या कानात सतत बारीक शिट्टी. उजव्या खांद्याने रायफल झाडणाऱ्यांचा डावा कान अनेकदा जास्त खराब होतो. गाल दस्त्याला टेकला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी अशा आवाजाने मरतात त्या माणसात पुन्हा येत नाहीत, म्हणजे उरलेलं ऐकणं वाचवणं एवढंच हातात असतं. एअर रायफलचा आवाज किरकोळ, पण शेजारच्या रेंजवर पॉइंट टू-टू, म्हणजे बारीक गोळीची .२२ रायफल, चालू असते. म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी कानात प्लग घालायला लावले. छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी प्लग घालणं त्यांना कमीपणाचं वाटलं, पण मी त्यावर बोलणं वाढवलं नाही.

का यावंसं वाटलं, असं विचारल्यावर म्हणाले, “रायफलची आठवण येत नाही मॅडम, रेंजची येते.” मला हे उत्तर आवडलं. फायरिंग पॉइंटवरची शिस्त, एकाच गोष्टीवर लागलेलं लक्ष आणि थोडा वेळ बाकी सगळं बाजूला पडणं, हे ज्याने अनुभवलंय त्याला ते पुन्हा हवंसं वाटतं.

त्यांनी बरोबर काय आणलं ते सांगायला हवं, कारण ते थोडं नव्हतं. रायफल हातात दिल्याबरोबर त्यांनी तोंड लक्ष्याकडे ठेवून बोल्ट उघडला, चेंबर स्वतः बघितला, मला दाखवला आणि मगच पकड बदलली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. आमच्याकडची काही मुलं पदकं घेऊन येतात, पण ही सवय त्यांच्या हातात अजून इतकी मुरलेली नाही.

मग त्यांनी नेमबाजीची चार तत्त्वं म्हणून दाखवली. पोझिशन आणि पकड अशी हवी की शस्त्राचा भार पेलला जाईल. शस्त्र जोर न लावता आपसूक लक्ष्याकडे रोखलेलं हवं. नेम बरोबर हवा. आणि गोळी सुटताना व सुटल्यावरही पोझिशन ढळता कामा नये. ब्रिटिश परंपरेतल्या सैन्यांत शिकवली जाणारी ही चार वाक्यं मी खेळाडूंनाही जशीच्या तशी शिकवते. त्यात बदलण्यासारखं मला आजवर काही सापडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. पहिले दहा छर्रे त्यांनी साइटच्या नॉबला हात न लावता मारले. नवा नागरिक नेमबाज प्रत्येक छर्ऱ्यानंतर नॉब फिरवतो आणि स्वतःच्या थरथरीच्या मागे साइट पळवत राहतो. ‘आधी ग्रुप, मग झीरो’, म्हणजे आधी गोळ्या एका जागी पाडायच्या आणि मगच साइट जुळवायची, हे सैन्यात इतकं पक्कं होतं की ते वेगळं शिकवावंच लागत नाही.

लक्ष्याचा हिशेब

पहिले गुण मात्र साधेच आले. साठ छर्ऱ्यांची बेरीज दशांशासह ५६० च्या थोडी वर. जागतिक पातळीवरचे खेळाडू पात्रता फेरीत ६३० च्या आसपास किंवा वर असतात. एका छर्ऱ्याला दशांशासह जास्तीत जास्त १०.९, म्हणून जास्तीत जास्त शक्य बेरीज ६५४. हवालदारसाहेबांचा चेहरा पडला आणि मागच्या बाकावर कुजबुजही झाली.

इथे मी त्यांना कागदावर हिशेब दाखवला. दहा मीटरच्या एअर रायफल लक्ष्यावर दहाची खूण ०.५ मिलिमीटर व्यासाची असते, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड खुणेला लागली की दहा, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. तिथून पुढे दर अडीच मिलिमीटरला एक गुण कमी होतो. आता शंभर मीटरवर पडून मारलेला दहा सेंटिमीटरचा ग्रुप घ्या. पायदळाच्या सैनिकासाठी तो चांगला ग्रुप. कोनाच्या हिशेबाने तोच ग्रुप दहा मीटरवर एक सेंटिमीटरचा होतो. म्हणजे मध्यापासून जास्तीत जास्त पाच मिलिमीटर. म्हणजे सगळे छर्रे नऊच्या रिंगच्या आत, नऊ किंवा जास्त गुणांचे. साठ छर्ऱ्यांची बेरीज ५८० च्या घरात.

त्यांच्या सेवेतला चांगला ग्रुप आणि आमच्या रेंजवरची मध्यम बेरीज ही एकच गोष्ट आहे, आणि इथे तर ती उभ्याने करायची आहे, हे आकड्यांत दिसल्यावर ते सावरले. “म्हणजे मी विसरलो नाही,” एवढंच म्हणाले. माणसाला त्याचं जुनं कौशल्य गेलेलं नाही हे आधी कळलं तर पुढचं शिकवणं सोपं जातं. म्हणून हा हिशेब मी कोणत्याही माजी सैनिकाला पहिल्याच आठवड्यात करून दाखवते.

लक्ष्याच्या स्वभावातही फरक आहे. सैन्यातलं आकृतीचं टारगेट अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद असतं, त्यावर लागलं किंवा नाही लागलं एवढंच. छातीच्या मधोमध लागलेली गोळी आणि कडेची गोळी, दोन्हींनी टारगेट पडतं. ते ठरावीक सेकंदांसाठी वर येतं आणि खाली जातं, त्यामुळे ‘पुरेसा’ नेम ‘वेळेत’ घेणं हेच तिथलं कसब. आमच्याकडे टारगेट कुठेही जात नाही आणि पाव मिलिमीटरचासुद्धा हिशेब होतो.

उभं राहणं आणि दचकणं

उभ्याची पोझिशन पूर्ण बदलावी लागली. सैन्यात अंग लक्ष्याकडे बरंचसं सरळ, वजन पुढच्या पायावर, खांदा रायफलमध्ये घातलेला. धक्का झेलून लगेच पुढच्या गोळीला तयार राहण्यासाठी तेच योग्य. एअर रायफलमध्ये झेलण्यासारखा धक्काच नसतो. इथे अंग लक्ष्याला जवळजवळ काटकोनात, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं आणि पाच किलोच्या आसपासची रायफल तोलण्यासाठी धड किंचित मागे. डोक्यावर हंडा घेतलेली बाई जसा भार मानेच्या स्नायूंवर न घेता कण्यावर घेते, तसा रायफलचा भार हाडांतून जमिनीत उतरला पाहिजे. त्यांचा डावा दंड दर वेळी काम करू पाहायचा. बोटाने दाबून बघितलं की दगडासारखा लागे. दंड सैल पडायला काही आठवडे गेले.

दचक तुलनेने लवकर सुटली, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. वर्षानुवर्षं मोठा आवाज आणि धक्का अनुभवलेलं शरीर चाप दबायच्या क्षणभर आधीच खांदा आवळतं आणि डोळा मिटतं. सेवेतल्या रायफलचा चाप काही किलोंचा, आमचा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. इतक्या हलक्या चापावर आवळलेलं बोट लपत नाही. मी कधी छर्रा घालून तर कधी न घालता रायफल हातात देत असे. छर्रा नसताना नळीचं तोंड खाली झुकलं की त्यांनाच ते दिसे. सोबत भरपूर ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या रायफलचा चाप दाबण्याचा सराव. हा उपाय सैन्यातही आहे, त्यांना ओळखीचा होता.

खरी अडचण

आमच्याकडे स्कॅट आहे. नळीला लावलेला हा ऑप्टिकल सेन्सर नेम लक्ष्यावर कसा फिरला याची रेष संगणकावर काढतो. नेम येतानाची रेष हिरवी, सुटण्याआधीच्या शेवटच्या सेकंदाची पिवळी, अगदी शेवटच्या क्षणाची निळी, सुटल्यानंतरची लाल. हवालदारसाहेबांच्या साठ छर्ऱ्यांच्या रेषा मी शांतपणे बघितल्या, तेव्हा चित्र स्वच्छ झालं.

चौपन्न-पंचावन्न छर्रे चांगले होते. त्यात नेम लक्ष्याच्या काळ्या वर्तुळात आल्यापासून पाच-सात सेकंदांत पिवळी रेष मध्यावर गोळा होते, निळा ठिपका तिथेच पडतो. सरासरी साडेनऊच्या थोडी वर. उरलेल्या सहाएक छर्ऱ्यांत हिरव्या रेषेचा गुंता वाढत गेलेला: बारा सेकंद, पंधरा सेकंद. आणि मग कुठूनतरी बाहेरून मध्याकडे एक सरळ फटका, तो मध्य ओलांडून पलीकडे गेलेला. तेच सात, तेच साडेसात. हे सहा छर्रे बाकीच्यांसारखे पडले असते तर बेरीज बारा-तेरा गुणांनी वर गेली असती. ना पोझिशन बदलायची गरज होती, ना नवं किट.

श्वास रोखून आठ-दहा सेकंद झाले की थरथर वाढते. एकाच जागी ताणून बघितल्यावर नजर शिळी होते. फोरसाइटची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटची, रिंग मधोमध आहे असं वाटत राहतं आणि ती तशी नसते. अशा वेळी खेळाडू काय करतो? रायफल खाली घेतो, श्वास घेतो, पुन्हा उचलतो. साठ छर्ऱ्यांना पंचाहत्तर मिनिटं मिळतात, म्हणजे एकेका छर्ऱ्याला सव्वा मिनिट. वेळ त्यासाठीच दिलेला आहे. हवालदारसाहेब चाळीसएक मिनिटांत सामना संपवत होते आणि एकदाही रायफल खाली घेत नव्हते.

मी कारण विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. “मॅडम, खांद्याला लावली की झाडायचीच ना?”

या वाक्यात माझ्या मते सगळं प्रकरण आहे. सैन्यातल्या रेंजवर हुकूम मिळतो, टारगेट काही सेकंद दिसतं, डाव्या-उजव्या बाजूचे जोडीदार झाडत असतात. न झाडलेली गोळी म्हणजे हिशेबात राहिलेली गोळी. ती एकटी सगळ्या डिटेलला, म्हणजे एकत्र झाडणाऱ्या तुकडीला, थांबवते. उस्ताद मागे उभे असतात. अशा ठिकाणी रायफल न झाडता खाली घेणारा जवान एकतर अडखळलेला असतो किंवा त्याचं शस्त्र अडलेलं असतं. वीस वर्षं ज्याने ही शिस्त पाळली, त्याच्या हातात ‘उचलली म्हणजे सुटली’ हे बसणारच. ती चूक नव्हती. त्या कामासाठी ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच ते सोडवणं अवघड होतं. वाईट सवय सांगून मोडता येते. चांगली म्हणून कमावलेली सवय मोडायला माणूस मनातून तयारच होत नाही.

हुकूम कोणाचा

नुसतं सांगून काही झालं नाही. “हो मॅडम” म्हणायचे आणि पंधराव्या सेकंदाला झाडायचे. टाइमरचा उपाय बऱ्याच रेंजवर वापरतात: दहा सेकंदांना बीप, बीप झाली की रायफल खाली. इथे तो उलटा पडला. बीप त्यांना टारगेट खाली जाण्याच्या वेळेसारखी वाटली आणि ते तिच्या अर्धा सेकंद आधी ओढू लागले. रेषेतला फटका आणखी लांब झाला.

वाट त्यांच्याच बोलण्यातून निघाली. एका संध्याकाळी किट आवरताना दबा धरून बसण्याच्या सरावाबद्दल सांगत होते. रायफल खांद्याला, नेम वाटेवर, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि हुकूम येईपर्यंत काही नाही. कधी हुकूम येतच नसे. मी विचारलं, तेव्हा न झाडता परत आलात तर कोणी नावं ठेवायचं का? “नाही हो. तिथे हुकूमच नव्हता ना.”

म्हणजे न झाडणं त्यांना येत होतं, फक्त त्यालाही हुकूम लागत होता. मग आम्ही सराव त्याच भाषेत बांधला. मी मागे उभी राहून कोणत्याही क्षणी “रोखा” म्हणायचे. त्यांनी बोट बाहेर काढायचं, श्वास सोडायचा, रायफल स्टँडवर टेकवायची. नेम अगदी मधोमध असतानाही मी मुद्दाम “रोखा” म्हणत असे. पहिल्या काही वेळा त्यांच्या जबड्याची हालचाल दिसायची, पण हुकूम पाळला गेला.

नंतर हा शब्द त्यांच्याकडे दिला. आठव्या सेकंदापर्यंत रिंगभोवतीचा पांढरा सगळीकडून सारखा नसेल, किंवा बोट चालायचं थांबलं असेल, किंवा पायाखाली वजन सरकल्यासारखं वाटलं, तर त्यांनी स्वतः मोठ्याने “रोखा” म्हणायचं आणि पाळायचं. शेजारच्या लेनवरच्या मुली सुरुवातीला चमकून बघायच्या. पुढे ते मनातल्या मनात म्हणू लागले. ओठ हललेले दिसत.

वहीचाही उपयोग झाला. त्यांची नोंदवही छापल्यासारखी: तारीख, प्रकाश, साइटच्या क्लिक, दहा-दहा छर्ऱ्यांच्या सिरीज. मी त्यात एक रकाना वाढवायला सांगितला, किती वेळा रोखलं. त्यांनी तो लाल शाईने भरायला घेतला आणि दर सिरीजसमोर बरोबरच्या खुणा करू लागले. गुणांच्या रकान्याइतकंच वजन त्या रकान्याला मिळालं. माझ्या अनुभवात मन वळवण्याच्या गप्पांपेक्षा हा लाल रकाना जास्त उपयोगी पडला.

काही महिन्यांत सात आणि साडेसात जवळजवळ दिसेनासे झाले. सामना चाळीस मिनिटांऐवजी तासाच्या पुढे जाऊ लागला. बेरीज आधी ५९० च्या आसपास स्थिरावली आणि पुढे चांगल्या दिवशी सहाशेला पोहोचली, म्हणजे सरासरी दहा. त्यात पोझिशनचा, सैल पडलेल्या दंडाचाही वाटा आहे, सगळं श्रेय एका शब्दाला देणं खोटं होईल. पण रेषांच्या चित्रातून तो लांब फटका गेला, आणि तो कशामुळे गेला याबद्दल मला शंका नाही.

कंबर आणि वारा

उभ्याच्या पोझिशनमध्ये कणा मागे झुकतो आणि किंचित पिळलाही जातो. धरलेल्या कंबरेला हे रोज झेपणारं नाही. फिजिओथेरपिस्टशी बोलून आम्ही उभ्याचा सराव आठवड्यात दोन छोट्या सत्रांवर आणला आणि मुख्य प्रकार पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पडून नेमबाजी, ठरवला. रिओ २०१६ नंतर प्रोनचा स्वतंत्र प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून काही प्रशिक्षक तो शिकवायलाच टाळतात. मला हे पटत नाही. छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्या प्रौढ माणसाला ऑलिंपिकच्या यादीशी काय करायचंय? त्याच्या शरीराला झेपेल आणि मनाला आनंद देईल तो प्रकार त्याचा.

प्रोनमध्ये त्यांना फक्त स्लिंग नवी होती. सैन्यात पट्टा मुख्यतः रायफल वाहण्यासाठी. इथे तो दंडावर बांधून पुढे हँडस्टॉपला, म्हणजे रायफलखालच्या हाताच्या अडणीला, अडकवतात आणि डाव्या हाताचा एकही स्नायू न वापरता रायफल त्यात टांगून ठेवतात. पट्टा दंडावर नको तिथे बसला की नाडीचा ठोका थेट फोरसाइटमध्ये दिसतो, रिंग तालात उडत राहते. जागा जराशी बदलल्यावर ठोका मंदावला, तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले.

आणि वारा! पॉइंट टू-टूची गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपास जाते, सेवेतल्या ५.५६ च्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने. पन्नास मीटरवरही झुळूक तिला बाजूला नेते आणि इथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. आमची मुलं वर्षभर बंद रेंजमध्ये वाढलेली. झेंडी हलली की गोंधळतात. हवालदारसाहेब झेंडीकडे, गवताकडे, जमिनीवरच्या तापलेल्या हवेच्या लहरींकडे एकदा बघतात, थांबतात, आणि तोच वारा परत आला की झाडतात. न झाडता थांबणं एकदा जमल्यावर त्यांचं मैदानावरचं सगळं ज्ञान कामाला आलं. आता या विषयावर तेच बाकीच्यांना शिकवतात. मागच्या बाकावरची कुजबुज तेव्हाच बंद झाली.

शूटिंग टीम आणि बाकीचे

माजी सैनिक म्हणजे हमखास चांगला खेळाडू, या समजाचं मूळ इतिहासात आहे. हा खेळ सैन्याच्या अंगणातच वाढला. ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ मध्ये स्वयंसेवक दलांची नेमबाजी सुधारावी म्हणून निघाली; १८६० च्या जुलैत विम्बल्डनला तिच्या पहिल्या स्पर्धेत राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलमधून पहिली गोळी झाडली. अमेरिकेतली त्याच नावाची संस्था १८७१ मध्ये काढणारे चर्च आणि विंगेट हे यादवी युद्धातले अधिकारी, आणि आपल्याच सैनिकांचा नेम किती कच्चा आहे हे बघून ते अस्वस्थ झाले होते. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरवर चक्क लष्करी रायफलचा प्रकार होता.

पुढे मॉन्ट्रियल, १९७६. तीन पोझिशन रायफलमध्ये लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक यांचे गुण समान झाले. नियमानुसार सुवर्ण बॅशमला गेलं आणि राष्ट्रगीताच्या वेळी त्याने मर्डॉकला आपल्या शेजारी सर्वांत वरच्या पायरीवर घेतलं. दोघंही अमेरिकी सैन्यातले. ही गोष्ट मला फार प्रिय आहे, पण ती सांगताना पुढचंही सांगावं लागतं. अमेरिकी सैन्याने १९५६ मध्ये नेमबाजीसाठी वेगळं युनिट काढलं, ते स्पर्धा जिंकण्यासाठीच. अशा युनिटमधला नेमबाज गणवेशातला पूर्णवेळ खेळाडू असतो. रायफल खाली घेणं, एकेका छर्ऱ्याची नोंद ठेवणं त्याच्या रोजच्या कामाचा भाग असतो. पलटणीतला सर्वसाधारण जवान वर्षात मोजक्या फैरी झाडतो आणि उरलेलं वर्ष शंभर इतर कामं करतो. पहिल्याच्या पदकांवरून दुसऱ्याकडून अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पहिल्या भेटीत शूटिंग टीमबद्दल विचारते ती यासाठी.

सध्या

हवालदारसाहेब आता प्रोनचे क्लब सामने नियमित खेळतात. शूटिंगच्या चष्म्यात उजव्या डोळ्यासाठी नेमाच्या अंतराची काच बसवून घेतली, फोरसाइटची रिंग पुन्हा काठासकट दिसू लागली. गुडघ्यावरची पोझिशन शिकायची त्यांची इच्छा आहे. गुडघा तपासून मगच ठरवू, असं मी सांगितलं आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. छर्रा सुटल्याबरोबर गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि नजर मॉनिटरवर जाते. पूर्वी पुढचं टारगेट शोधायला जायची, आता गुण शोधायला जाते. एअर रायफलचा छर्रा सेवेतल्या गोळीपेक्षा नळीत कितीतरी जास्त वेळ असतो, त्यामुळे ही घाई दहाच्या साडेनऊ करते. सध्या त्यांच्या लेनचा मॉनिटर मी झाकून ठेवते. सिरीज संपली की दहाही छर्रे एकदम बघायचे, आणि त्याआधी प्रत्येक छर्रा कुठे गेला असेल ते त्यांनी न बघता वहीत लिहायचं. त्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष छर्रा यांतलं अंतर कमी होतंय. ते नऊच्या रिंगच्या आत आलं की मॉनिटरवरचं झाकण काढायचं, असं आमचं ठरलं आहे.